पूर्वजांची सालं आणि करवीरचा काळ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच आहे : पूर्वजाचा जन्म, लग्न, नोकरी, मृत्यू यांची सालं हाती आली, आता ती त्या काळाच्या इतिहासात बसवायची कशी? पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९०८ आहे. घरात त्यांची पत्रिका सापडली, तिच्यात ‘शके १८२६ क्रोधीनाम संवत्सरे माघ वद्य पंचमी’ असं आहे. आजी सांगायची, ते ‘पलेगाच्या साली’ जन्मले. यातलं कोणतं धरायचं? (कागल तालुका)

उत्तर : पत्रिका धरा. दाखल्यावरची १ जून ही जन्मतारीख नव्हेच. शाळा जूनमध्ये भरायची. नाव घालायला आणलेल्या मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते पाहायचं, लागला की वय सहा-सात मानायचं आणि तेवढी वर्षं मागे जाऊन १ जून लिहून टाकायची, अशी मास्तरांची रीत होती. गावातल्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडून पाहा, पानंच्या पानं १ जूनची मिळतील. त्या नोंदीतून एवढंच कळतं की मूल अमुक साली शाळेत आलं आणि तेव्हा ते शाळेच्या वयाचं दिसत होतं. म्हणून दाखल्यावरची जन्मतारीख बाजूला ठेवा आणि ‘शाळेत दाखल’ ही तारीख मात्र जपून लिहा. ती त्याच दिवशी लिहिलेली असते.

आता शक. शकाचं वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला लागतं. चैत्रापासून मार्गशीर्ष शुद्धापर्यंत ७८ मिळवायचे, माघ-फाल्गुनाला ७९. मार्गशीर्ष वद्य आणि पौष १ जानेवारीच्या अलीकडे-पलीकडे कुठेही पडू शकतात, तिथे पंचांग उघडल्याशिवाय साल लिहू नये. तुमच्या पत्रिकेत माघ आहे, म्हणजे १८२६ अधिक ७९, १९०५. माघ वद्य पंचमी फेब्रुवारी १९०५ च्या उत्तरार्धात येते. सरसकट ७८ मिळवले असते तर १९०४ आलं असतं आणि सबंध वर्षाची चूक पुढच्या सगळ्या वयांत शिरली असती. आमच्याकडे येणाऱ्या वंशावळींत सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

संवत्सराचं नाव दिलंय हे फार चांगलं झालं. त्यावरून शक ताडून पाहता येतो. शकात १२ मिळवा आणि ६० ने भागा. उरलेली बाकी हा साठ संवत्सरांच्या चक्रात प्रभव या पहिल्या नावापासून मोजलेला क्रमांक. १८२६ अधिक १२ म्हणजे १८३८, ६० ने भागून बाकी ३८, आणि अडतिसावा संवत्सर क्रोधीच. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. आकडा आणि नाव जुळलं नाही, तर नावावर जास्त भरवसा ठेवा. नक्कल करताना आकडा बदलतो, विशेषतः मोडीतून देवनागरीत उतरवताना. ‘क्रोधी’चं ‘विश्वावसु’ चुकून होत नाही. पत्रिकेत वार असेल तर तोही तपासा, फक्त जुना वार सूर्योदय ते सूर्योदय असा चालतो हे लक्षात असू द्या. शुक्रवारी पहाटे तीनला जन्मलेल्या मुलाचा वार पत्रिकेत गुरुवार असतो. आणखी एक सावधगिरी : आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेकडचे पौर्णिमेला. आपला माघ वद्य म्हणजे तिकडचा फाल्गुन कृष्ण. तारीख काढायला काशीकडचं पंचांग वापरलंत तर महिनाभराचा घोळ होईल.

महसुली कागदांवर फसली सन असतो. जून ते डिसेंबरला ५९० मिळवा, जानेवारी ते मे ला ५९१. त्याहून जुन्या मोडी कागदांवर अरबी शब्दांतला सुहूर सन येतो. त्याला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, सन ११६१, म्हणजे जून १७६० ते जून १७६१. पानिपतचं साल. तुमचं गणित बरोबर चाललंय का ते या एका सालावर ताडून पाहता येतं.

राहिला प्लेग. तो १८९६ साली मुंबईत आला, तिथून दक्षिणेकडे पसरला आणि पुढची कित्येक वर्षं पावसाळ्यानंतर डोकं वर काढत राहिला. त्यामुळे ‘पलेगाचं साल’ एक नाही. त्यावरून जन्म प्लेग येण्याआधीचा नाही एवढंच ठरतं, आणि ते तुमच्या १९०५ शी जुळतं. दख्खनमध्ये साथ बहुधा थंडीत असे आणि उन्हाळ्यात ओसरे. गाव ओस पडून माणसं रानात झोपड्या घालून राहत. फेब्रुवारीतला जन्म या हंगामात बसतो. आजीनं ‘रानात जन्मला’ असं कधी म्हटलं असेल तर ती ओळ तिच्याच शब्दांत टिपून ठेवा. म्हटलं नसेल तर तुम्ही ती तिच्या तोंडी घालू नका.

यानंतर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यू नोंदवही मागा. पणजोबांचं नाव शोधत बसू नका. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच असतं. फेब्रुवारी-मार्च १९०५ ची पानं बापाच्या नावावरून वाचा. त्याच बापाच्या मागच्या-पुढच्या नोंदीही उतरवून घ्या. भावंडांचा क्रम लागला की कोणती नोंद कोणाची हे आपोआप ठरतं.

प्रश्न : आजी १९२० च्या सुमाराला चंदगडकडच्या खेड्यात जन्मली आणि १९३० च्या उन्हाळ्यात लग्न होऊन गडहिंग्लज भागात आली. तिच्या आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यासमोर त्या काळातली एक ऐतिहासिक घटना लिहायची आहे. कोणत्या घ्याव्यात? (गडहिंग्लज)

उत्तर : घटना निवडण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि कोल्हापूर भागात तो टाळताच येत नाही : त्या दिवशी ते गाव कोणाच्या राज्यात होतं? तुमची आजी माहेरून सासरी गेली तेव्हा तिचं सरकार बदललं. चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात, इंग्रजी अमलाखाली होतं. गडहिंग्लज करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानात. दोन्ही आज कोल्हापूर जिल्ह्यात आहेत म्हणून आपल्याला ती सीमा दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा १९२९ साली मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीला १४ आणि मुलाला १८ ही किमान वयं त्यात होती. तो लागू होण्याआधी लग्नं उरकून घेण्याची देशभर घाई उडाली होती. दहा वर्षांच्या मुलीचं १९३० साली लग्न, हे वाचून कोणालाही लिहावंसं वाटेल : ‘सारडा कायद्याच्या भीतीनं लग्न घाईनं लावलं.’ थांबा. कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता, संस्थानांना तो आपोआप लागू नव्हता. लग्न मुलीच्या गावी लागलं की मुलाच्या? ते १ एप्रिलच्या आधी की नंतर? तुम्ही ‘उन्हाळ्यात’ म्हणता. चैत्र-वैशाखातला मुहूर्त असेल तर तो बहुधा कायदा लागू झाल्यानंतरचा. मग घाईचं कारण उरत नाही. लग्न संस्थानी हद्दीत लागलं असेल तर तो कायदा तिथे पोचतच नव्हता. गाव, तिथी आणि वय या तिन्ही गोष्टी हाती आल्याशिवाय ते वाक्य लिहू नका.

शिक्षणाचंही तसंच. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, ते करवीर इलाख्यात. चंदगडकडच्या मुलीचा त्याच्याशी संबंध नाही. ‘शाहू महाराजांमुळे आजी शिकली’ असं तिच्या बाबतीत म्हणता येणार नाही. तिच्या सासरच्या दिरा-नणंदांच्या बाबतीत कदाचित म्हणता येईल, पण आदेश निघणं आणि त्या खेड्यात शाळा उभी राहणं यात अंतर असतं. शाळेच्या रजिस्टरचं पहिलं पान कोणत्या सालचं आहे ते बघा, अंतर कळेल.

या भागात लक्षात ठेवायच्या सीमा सांगतो. करवीर संस्थानाच्या पोटात कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा अशा जहागिऱ्या होत्या, आणि आजरा इचलकरंजीकरांकडे होतं. कुरुंदवाड, मिरज, सांगली ही पटवर्धनांची वेगळी संस्थानं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. संस्थानातलं रायबाग बेळगाव जिल्ह्याकडे गेलं. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत चंदगड कोल्हापूरकडे आलं, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. ठिकाण लिहिताना तेव्हाची ओळख आधी आणि आजची नंतर द्या : ‘चंदगड भाग, तेव्हा बेळगाव जिल्हा, मुंबई इलाखा, आज कोल्हापूर जिल्हा’. कागद शोधतानाही याचाच उपयोग होतो. रायबागकडच्या माणसाचे १९४९ आधीचे कागद करवीरच्या दप्तरात शोधायचे, नंतरचे बेळगावकडे.

हे झालं की घटना निवडा. प्रत्येक घटनेला विचारा : ही त्या गावात, त्या साली पोचली का, आणि पोचली असेल तर घरातल्या बाईला ती कशावरून कळली असेल? धान्याचा भाव, साथ, घरातला पुरुष परगावी जाणं, शाळा, रस्ता, नाणं. १९३० सालासमोर दांडीयात्रा लिहायचा मोह होतो. आजीच्या गावी तिची बातमी तरी आली होती का, हे सांगणारा एकही दुवा तुमच्याकडे नसेल तर सोडून द्या. उलट १ एप्रिल १९५७ ला आण्या-पैंची नाणी जाऊन नवे पैसे आले, ते बाजारात जाणाऱ्या प्रत्येकीनं हाताळले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पहाटे झाला आणि सगळा भाग जागा झाला. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना असे प्रसंग फार कामाला येतात. ‘तुझं पहिलं मूल कोणत्या साली झालं?’ याला उत्तर मिळत नाही. ‘भूकंपाच्या रात्री घरात कोण कोण होतं, कोण पाळण्यात होतं?’ याला नेमकं उत्तर मिळतं.

शिरोळ-हातकणंगलेकडच्या वाचकांना आणखी दोन खुणा. १९४३ पासून युद्ध संपल्यानंतरची काही वर्षं वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर वसलं. ‘वळिवड्याला गोऱ्या बायका होत्या तेव्हा’ या आठवणीला चार-पाच वर्षांची चौकट मिळते. दुसरी खूण नरसोबाच्या वाडीचं कन्यागत पर्व. ते साधारण बारा वर्षांनी येतं, अलीकडे २००४ आणि २०१६ साली आलं. मागे जाताना मात्र नुसती बारा-बारा वजा करू नका. गुरूची फेरी बारा वर्षांहून थोडी कमी असल्यानं मधे कुठेतरी अकरा वर्षांची उडी येते. जुन्या पंचांगात गुरू कन्येत कधी गेला ते पाहूनच साल लिहा.

मांडणीसाठी वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात कागदावर जे आहे ते, कागदाच्या नावासह. दुसऱ्यात घरचं सांगणं, सांगणाऱ्याचं नातं आणि तेव्हाचं त्याचं वय. तिसऱ्यात काळ, म्हणजे त्या वेळच्या घटना. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट पहिल्यात सरकू द्यायची नाही, हे शेवटपर्यंत पाळा. कित्येक घराण्यांचे इतिहास नेमके इथे बिघडतात : ‘तेव्हा दुष्काळ होता’चं पाच वर्षांत ‘ते दुष्काळामुळे गाव सोडून आले’ होतं, आणि पुढची पिढी त्याला पुरावा समजते.

प्रश्न : पणजी, तिचा दीर आणि जाऊ आठ दिवसांत गेले. घरात सगळे प्लेग म्हणतात. वर्षश्राद्धाच्या टिपणात ‘शके १८४० आश्विन वद्य’ आहे. (शिवाजी पेठ)

उत्तर : शके १८४० चा आश्विन वद्य म्हणजे २० ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर १९१८ चा सुमार. इन्फ्लुएंझाच्या दुसऱ्या आणि सगळ्यात जीवघेण्या लाटेचा हा ऐन भर. तुमच्या तिघांची वयं काढा. ही साथ वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना जास्त खाऊन गेली. एका घरातली कर्ती माणसं आठवड्यात जाणं हे तिचंच लक्षण. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतं, म्हणजे घरं आधीच खचलेली होती.

घरच्या सांगण्यात लक्षणं शोधा. ‘काखेत गाठ आली’, ‘जांघेत गाठ’, ‘आधी घरात उंदीर पडले’ असं असेल तर प्लेग. ‘ताप, खोकला, तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेली’, किंवा ‘मानमोडी’ हा शब्द असेल तर इन्फ्लुएंझा. ‘पटकी’, ‘जरीमरी’ किंवा ‘ढाळ-वांती’ म्हणजे कॉलरा, आणि ‘देवी आल्या’ म्हणजे अर्थातच वेगळा रोग. मृत्यूच्या नोंदवहीत कारणापुढे बहुधा नुसतं ‘ताप’ असतं, त्यानं निकाल लागत नाही. पण त्याच वहीतली त्या दोन महिन्यांची मृत्यूसंख्या मोजा आणि आदल्या वर्षीच्या त्याच दोन महिन्यांशी ताडून बघा. तुमच्या पेठेची किंवा गावाची खरी अवस्था तिथेच दिसेल, आणि देशभराच्या आकड्यांपेक्षा तुमच्या वंशावळीत तो आकडा जास्त मोलाचा आहे.

लिहिताना : ‘मृत्यू आश्विन वद्य शके १८४०, घरच्या सांगण्यानुसार प्लेग, काळ इन्फ्लुएंझाच्या साथीचा, तीन मृत्यू आठ दिवसांत.’ आजीचं ‘प्लेग’ खोडू नका. ते तिचं सांगणं आहे आणि त्याची जागा दुसऱ्या रकान्यात कायम आहे.

प्रश्न : खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले होते. घरात एक पदक आहे, त्यावर १९१४-१९१८ आहे. ते चारही वर्षं युद्धात होते असं लिहावं का? (कसबा बावडा)

उत्तर : नाही. १९१४-१९१८ हे युद्धाचं साल आहे, त्यांच्या नोकरीचं नव्हे. शेवटच्या वर्षी गेलेल्यालाही तेच पदक मिळालं.

पदकाची कड बघा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कृपा करून ते चिंचेनं किंवा पावडरनं घासू नका. दसऱ्याला घासून घासून कडेची अक्षरं गेलेली पदकं आम्ही पाहिली आहेत, आणि ती अक्षरं एकदा गेली की परत मिळत नाहीत. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च कडेला आडवा धरा, पदक थोडं थोडं फिरवत सात-आठ फोटो घ्या. झिजलेली अक्षरंही सावलीनं उठून दिसतात.

धातूही बोलतो. घोड्यावरचा पुरुष आणि १९१४-१९१८ असलेलं पदक लढाऊ शिपायांना चांदीचं मिळे. हमाल-मजूर तुकड्यांतल्या माणसांना तेच ब्राँझचं दिलं गेलं. मात्र पंखवाली देवी आणि १९१४-१९१९ असलेलं विजयपदक सगळ्यांनाच पिवळ्या धातूचं होतं. ते पाहून ‘मजूर होते’ असा निष्कर्ष काढू नका.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी बऱ्याच होत्या. कडेवर १०३ किंवा ११० मराठा निघाली तर गोष्ट गंभीर आहे. या पलटणी तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. सुमारे १३,००० जण कैदी झाले. घरात ‘घोड्याचं मांस’, ‘कैदेत होते’, ‘मेले समजून दिवस घातले आणि मग परत आले’ असं काही सांगतात का ते विचारा. पण पलटण कुतला होती म्हणून तुमचे खापरपणजोबाही होते असं होत नाही. भरतीची तुकडी मागाहूनही गेलेली असते, आणि जखमी आधीच परत पाठवलेले असतात.

१९२२ साली पलटणींचे आकडे बदलले. १०३ ची १/५ मराठा झाली, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५. म्हणून एकाच माणसाच्या पदकावर एक पलटण आणि पेन्शनच्या कागदावर दुसरी दिसली तर ती दोन माणसं नव्हेत. जुना शिपाई नंबर पलटणीपुरताच असे, तेव्हा शोध घेताना नंबर आणि पलटण दोन्ही द्या. युद्धात मृत्यू झालेल्यांसाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी संकेतस्थळावर शोधता येते. तिच्यात पुष्कळदा बापाचं नाव आणि गावही असतं, मात्र स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानानं केलेलं. गावाच्या नावाचे चार-पाच प्रकार करून पाहा. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीनुसार संख्या आहे. भिंतीवर नाव नाही म्हणून निराश होऊ नका.

प्रश्न : वारस नोंदीचा फेरफार १९५३ चा आहे. त्यात आजोबांच्या धाकट्या भावापुढे ‘अ.पा.क. आई’ आहे. पणजोबा १९५३ साली वारले असं धरू का? (करवीर तालुका)

उत्तर : १९५३ ही अलीकडची मर्यादा, मृत्यूचं साल नव्हे. वारस नोंद मृत्यूनंतर वर्षानुवर्षं राहून जात असे, कर्ज काढायची किंवा वाटणीची वेळ आली की मग घाई. पण त्या तीन अक्षरांत पलीकडची मर्यादाही लपलेली आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. धाकटा भाऊ १९५३ साली १८ वर्षांच्या आत होता, म्हणजे त्याचा जन्म १९३५ नंतरचा. तेव्हा पणजोबा १९३४-३५ पर्यंत नक्की होते. मृत्यू १९३४-३५ ते १९५३ या पट्ट्यात. आता पीकपाहणीची पत्रकं वर्षागणिक पाहा, विकास सोसायटीच्या सभासद यादीत पाहा, घरातल्या लग्नपत्रिकांत त्यांच्या नावामागे ‘कै.’ कधीपासून लागलं ते पाहा. पट्टा दोन-तीन वर्षांवर येतो.

सातबारावर नाव कंसात असेल तर तो हक्क संपलेला आहे, आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर असतो. नक्कल मागताना तोच नंबर द्या. फेरफारावर नोंदीची आणि मंजुरीची अशा दोन तारखा असतात, दोन्ही लिहा. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हे अक्षर बदलून दुसऱ्या भावाच्या नावापुढे गेलं की घराचा कारभार कधी कोणाकडे गेला ते कळतं.

तुमच्या पत्रात ‘थोडी जमीन कुळकायद्यात गेली’ असंही आहे. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. पण किंमत ठरली कुळकायद्याच्या कलम ‘३२ग’च्या कामात आणि खरेदीचं प्रमाणपत्र मिळालं ‘३२म’खाली, त्याला पुढे बरीच वर्षं लागली. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा फौजेत असेल तर हक्काची तारीखच पुढे जात असे. तुमच्या घरात पणजी विधवा आणि एक मुलगा अज्ञान होता. म्हणून १९५७ गृहीत धरू नका, ३२ग ची फाईल काढा. तिच्यात दोन्ही बाजूंचे जबाब असतात, आणि साध्या शेतकऱ्याचं बोलणं शब्दशः मिळायची ती कधी कधी एकमेव जागा असते.

प्रश्न : पणजोबा १९३६ साली कोल्हापुरात ‘प्रभात’मध्ये सुतार होते. (मंगळवार पेठ)

उत्तर : प्रभात फिल्म कंपनी जून १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. १९३६ आणि कोल्हापूर दोन्ही खरं असेल तर स्टुडिओ दुसरा, कोल्हापूर सिनेटोन किंवा शालिनी सिनेटोन. प्रभात आणि १९३६ खरं असेल तर गाव पुणं. पगाराची चिठ्ठी किंवा स्टुडिओतला समूहफोटो शोधा, फोटोमागचा छायाचित्रकाराचा शिक्काही गाव सांगतो. असंच खासबागेचं : ते मैदान १९१२ साली तयार झालं, त्याआधीची कुस्ती तिथे झालेली नसणार.

प्रश्न : आमचा वाडा १९४८ मध्ये जळाला, कागद राहिले नाहीत. सुरुवात कुठून करू? (पुणे, मूळ शिरोळ तालुका)

उत्तर : गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत या भागातल्या अनेक घरांची दप्तरं गेली. घरची प्रत गेली तरी दुसऱ्याकडची प्रत राहते. जमिनीची तहसीलला आणि भूमी अभिलेखकडे. संस्थानी काळाचे कागद कोल्हापूरच्या पुरालेखागारात, तिथे मोडी वाचणाऱ्याला बरोबर घेऊन जा. आत्या आणि पणजीच्या माहेरची घरं विचारा. सून आणताना पाठवलेली पत्रं, टिपणं, पत्रिका तिकडे असतात, आणि मुलीकडच्या घरांना बहुधा कोणी विचारतच नाही. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनावावरून निघतात. एका नोंदीत तीन-तीन पिढ्यांची नावं मिळतात. त्यावरची तारीख यात्रेची असते, मृत्यूची नव्हे.

जनगणनेत माणूस शोधायला जाऊ नका. घरोघरचे फॉर्म जपलेले नाहीत, फक्त तक्ते आहेत. गावाची लोकसंख्या किती होती एवढ्यापुरते ते वापरा. गावाचं वर्णन हवं असेल तर १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटियर आणि १९६० चं जिल्हा गॅझेटियर आधी वाचा. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात चौकशी करा.

प्रश्न : १९११ साली पणजोबांचा पगार महिना १२ रुपये होता. आजचे किती होतील? (इचलकरंजी)

उत्तर : आजच्या रुपयांत करू नका, त्यातून काहीच कळत नाही. त्याच साली, त्याच भागात १२ रुपयांत काय येत होतं ते काढा. संस्थानाच्या वार्षिक अहवालांत धान्याचे भाव मिळतात, पण बहुधा ‘रुपयाला इतके शेर’ असे उलटे. आकडा कमी झाला म्हणजे महागाई वाढली. समजा ज्वारी एका वर्षी रुपयाला १२ शेर आणि पुढे ८ शेर झाली. १२ रुपयांत आधी १४४ शेर येत, आता ९६. पगार तोच राहून घरातलं एक तृतीयांश धान्य गेलं. शेर वजनाचा की मापाचा तेही पाहा. ८० तोळ्यांचा शेर साधारण ९३३ ग्रॅम, मापाचा शेर मात्र गावोगाव निराळा. मग घरात खाणारी तोंडं किती होती ते मोजा आणि महिन्याचं धान्य वजा करून काय उरत होतं ते लिहा. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, हे बेरजेत विसरू नका.